घरचा वॉटर सॉफ्टनर : मशीन चांगलं, विकणारा कच्चा

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांचा वेळ जायला नको. बोअरचं पाणी जड आहे (म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त आहेत), घर स्वतःचं आहे, आणि दर महिन्याला तीसेक किलो मीठ ओतायची व अधूनमधून पाणी तपासायची कटकट घरातलं कुणीतरी अंगावर घेणार आहे, अशा तिन्ही गोष्टी जमत असतील तर मिठावर चालणारा सॉफ्टनर घ्या, पैसे वसूल आहेत. तिन्हीतली एक जरी जमत नसेल तर चाळीस हजार रुपये दुसऱ्या कामाला लावा.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डाइंग बघतो. सुताला रंग द्यायचा तर पाणी आधी सॉफ्टनरमधून काढावंच लागतं. जड पाण्यात रिॲक्टिव्ह रंग टाकला की शेड मळकट येते, सुताच्या लडीवर डाग पडतात, आणि मालकाच्या तोंडून जे ऐकावं लागतं ते इथे लिहिण्यासारखं नसतं. त्यामुळे रेझिन (जडपणा धरून ठेवणारे बारीक मणी), ब्राइन (मिठाचं पाणी), रिजनरेशन (त्या पाण्याने रेझिन धुऊन पुन्हा कामाला लावणं) हे शब्द माझ्यासाठी रोजच्या चहासारखे. तरीही घरगुती मशीन वेगळं पडतं. कारखान्यात ते सांभाळायला माणूस असतो, घरात नसतो. हा रिव्ह्यू त्याच अंगाने वाचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतल्या बहुतेक मशीनची घडण एकच असते: फायबरची उभी टाकी, आत रेझिन, डोक्यावर ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह, शेजारी मिठाचा पिंप.

आमचं घर जुळे सोलापुरात, म्हणजे हद्दवाढ भागात. महापालिकेचं उजनीचं पाणी चार-पाच दिवसांआड येतं. ते पिण्याला, स्वयंपाकाला आणि सणावाराला. बाकी सगळा संसार बोअरवर. खाली काळा पाषाण, त्यात मुरलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. माझ्या किटवर बोअरचा हार्डनेस, म्हणजे जडपणा, साधारण 650 येतो (लिटरला मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने). पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक, आयएस 10500, हे 200 पर्यंत ठीक मानतं आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. म्हणजे आम्ही त्या सवलतीच्याही बाहेर.

याचा अर्थ घरात काय होतो ते बघायचं असेल तर गिझर उघडताना जवळ उभं राहा. आमच्या मेकॅनिकने खालची प्लेट सोडली तेव्हा आधी पाणी आलं, मग खपल्या, आणि मग खपल्याच. मातकट पांढऱ्या, बोटाच्या नखाएवढ्या, एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने खरखरीत. अर्धी बादली भरली. एलिमेंट कुठलं आणि थर कुठला हे ओळखू येईना. पाणी तापलं की त्यातल्या बायकार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं, तेही जिथे सगळ्यात जास्त गरम असेल तिथेच, म्हणजे नेमकं एलिमेंटवर. गिझर चालू असताना आतून खडखड, गुरगुर आवाज येतो तो या थराखाली अडकून उकळणाऱ्या पाण्याचा. आमच्या आईच्या वेळी तांब्याचा बंब होता, त्यातही हेच व्हायचं. पण बंब झाकण काढून उलथण्याने खरवडता यायचा. गिझरला ती सोय नाही.

आता खरेदी. मी तिघांकडे चौकशी केली आणि तिघांनीही खिशातून पहिल्यांदा काढला तो टीडीएस मीटर. बोअरचं पाणी 1100 च्या पुढे दाखवलं, चेहरा गंभीर केला आणि भाव सांगितला. इथेच सांभाळा. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून. त्यात जडपणा किती हे तो मीटर सांगत नाही. आणि मुख्य म्हणजे सॉफ्टनर टीडीएस कमी करत नाही. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतो. बेरीज जवळजवळ तेवढीच राहते. मी एकाला मुद्दामच विचारलं, "मशीन बसवल्यावर या मीटरवर किती येईल?" तो म्हणाला, "दोनशेच्या खाली आणून देतो की ओ साहेब." त्याला चहा पाजून पाठवून दिलं. दुसऱ्याने मुतखड्याची भीती घातली. जागतिक आरोग्य संघटनेने हार्डनेसला आरोग्याच्या कारणाने कुठलीही मर्यादा ठरवलेली नाही. जड पाण्याचा त्रास गिझरला, नळाला, कपड्याला आणि साबणाच्या खर्चाला होतो, आणि मशीन घ्यायला तेवढं कारण पुरेसं आहे.

तपासायचं साधन वेगळं असतं: हार्डनेस टेस्ट किट, काही शे रुपयांचं. छोट्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, बफरचे थेंब टाकायचे, मग इंडिकेटरची चिमूट. पाणी जड असेल तर लालसर जांभळं होतं. मग दुसऱ्या बाटलीतलं द्रावण थेंब थेंब टाकत हलवत राहायचं, रंग स्वच्छ निळा होईपर्यंत. माझ्या किटमध्ये एका थेंबाला 25. बोअरला सव्वीस थेंब लागतात आणि सव्विसाव्या थेंबाला रंग असा पटकन पालटतो की शेजारचा मुलगा दर वेळी पुन्हा करून दाखवा म्हणतो. सॉफ्टनरचं पाणी इंडिकेटर पडताक्षणीच निळं. द्रावणाची बाटली उघडायचीसुद्धा गरज नाही. मशीन चालतंय की झोपलंय हे सांगणारी घरात दुसरी कुठलीही खूण इतकी खात्रीची नाही. किट नसेल तर पारदर्शक बाटलीत पाणी घेऊन आंघोळीच्या साबणाचा किस टाकून जोरात हलवा: मऊ पाण्यात फेस टिकतो, जड पाण्यात दह्याच्या चोथ्यासारखी साय तरंगते. शांपू किंवा कपड्याची पावडर घेऊ नका, त्यांचा फेस जड पाण्यातही होतो आणि तुम्ही फसता.

मी घेतलं ते मशीन 25 लिटर रेझिनचं, ऑटोमॅटिक. बसवणारा मुलगा कामाला स्वच्छ होता. प्लंबिंग नीट केलं, बायपासचे कॉक दिले, युनियन टाकल्या. पण प्रेशरचा विषय त्याच्या पुस्तकातच नव्हता. आमची टाकी गच्चीवर, मशीन खाली पोर्चच्या कडेला. मधे उंची जेमतेम पाच मीटर. दहा मीटरला एक बार धरला तर अर्धा बार झाला. असले व्हॉल्व्ह पिंपातलं मिठाचं पाणी स्वतःच्या प्रवाहाच्या ओढीने खेचतात आणि त्यासाठी दीड-दोन बार तरी लागतो. मी म्हटलं, "प्रेशर पंप लागणार." तो म्हणाला, "काय गरज नाही काका, सगळीकडं असंच चालतंय." मी पिंपाच्या बाहेरून स्केच पेनने पाण्याच्या पातळीवर रेघ मारली आणि म्हटलं, आता रिजनरेशन लाव. व्हॉल्व्ह कुरकुरला, डिस्प्लेवर आकडे उतरत गेले, ड्रेनच्या नळीतून पाणी वाहत राहिलं. अर्ध्या तासाने रेघ आणि पाणी दोन्ही जागच्या जागी. मशीनने आपलं काम झाल्याचं जाहीर केलं आणि मिठाचा कणही आत गेला नव्हता. असं मशीन पहिले काही दिवस मऊ पाणी देईल, कारण रेझिन कंपनीतून सोडियमने भरूनच येतं, आणि मग आयुष्यभर नुसती शोभा. मला शंका आहे की "सॉफ्टनर लावला, काही फरक पडला नाही" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी हेच घडलेलं असतं. शेवटी छोटा प्रेशर पंप लावला, सात-आठ हजार आणखी गेले. डीलरने बिलात धरलेला नव्हता आणि मी सांगूनही त्याने अर्धा वाटा उचलला नाही. मशीनला चार तारे देईन, विक्रीला दीड.

मिठाचा हिशेब स्वतः करा, कारण सेटिंग करणारा घाईत असतो. एक लिटर रेझिन बेताच्या मिठात साधारण 50 ग्रॅम हार्डनेस धरतं. 25 लिटर म्हणजे 1250 ग्रॅम. माझं पाणी लिटरला 0.65 ग्रॅम आणतं, म्हणजे साधारण 1900 लिटर पाण्यानंतर रेझिन जडपणाने भरलं. आम्ही पाच माणसं, या लाइनवरचा वापर दिवसाला सहाशेच्या आसपास, त्यामुळे तिसऱ्या रात्री रिजनरेशन आणि दर वेळी तीन किलो मीठ. मुलाने लावून दिलेलं सेटिंग सात दिवसांचं होतं. तसंच ठेवलं असतं तर आठवड्यातले चार दिवस जडच पाणी वापरलं असतं, पैसे मात्र मऊचे. शक्य असेल तर दिवसावर नाही, लिटरवर चालणारा व्हॉल्व्ह घ्या. पाहुणे आले की तो आपोआप लवकर धुऊन घेतो.

फरक काय पडला? टॉवेलपासून सुरू करतो, ते माझं क्षेत्र. कारखान्यातून निघताना टॉवेल मऊसूत असतो. तोच घरी बोअरच्या पाण्यात दहा वेळा धुतला की अंग पुसताना खरवडल्यासारखं वाटतं. साबणातलं फॅटी ॲसिड आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून न विरघळणारा साबण तयार होतो आणि तो टेरीच्या फाशांमध्ये जाऊन बसतो. मग टॉवेल पाणीही शोषत नाही. सॉफ्टनर लागल्यावर नवीन काढलेले टॉवेल अजून मऊ आहेत. जुने पूर्ण सुधारले नाहीत, पण गरम मऊ पाण्यात चार-दोन धुण्यांनंतर बरे झाले. वॉशिंग मशीनला पावडर आता निम्मी लागते. बाथरूमच्या काळ्या ग्रॅनाइटवरचे पांढरे ओघळ थांबले, स्टीलची बादली पुसली की चमकते. आधी पुसली की आणखी पांढरी दिसायची. गिझरचा आवाज गेला. पण एक लक्षात घ्या, जुना थर मऊ पाण्याने लगेच विरघळत नाही. आमच्या जुन्या जीआय पाइपचा एक तुकडा कापला तर अर्ध्या इंची पाइपात पेन्सिल कशीबशी जाईल एवढं भोक उरलेलं. तो पाइप बदलावाच लागला.

केस गळायचे थांबतात असं प्रत्येक विक्रेता सांगतो. माझ्या डोक्यावर प्रयोग करण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि सौभाग्यवती म्हणते की केस विंचरायला सोपे जातात, गळायचे तेवढे गळतातच. तिची तक्रार वेगळी आहे: आंघोळीनंतर अंगावरचा साबण गेल्यासारखा वाटत नाही. मऊ पाण्यात ते तसंच वाटतं. साबण कमी घ्यायला शिकावं लागतं. आईने मात्र आठ दिवसांत निकाल दिला, "हे बुळबुळीत पाणी मला नको," आणि तिची बादली पुन्हा बोअरच्या नळावर गेली. त्या नळाला मी हात लावलेला नाही, ते बरं झालं.

सोलापुरात राहून कूलरचा विषय टाळता येत नाही. उन्हाळ्यात पारा 42-43 वर असतो, कूलर दिवसभर पाणी पितो, वाफ उडून जाते आणि क्षार पॅडवर राहतात. बोअरच्या पाण्यावर हनीकोंबचं पॅड एका उन्हाळ्यात दगडी होतं, वारा आत शिरेना. गेल्या उन्हाळ्यात कूलर सॉफ्टनरच्या लाइनवर घेतला. पॅडवर पांढरं अजूनही येतं, क्षार कुठे जाणार? पण आता ते सोडियमचं असल्याने पाइप धरला की धुऊन जातं, चिकटून बसत नाही. टाकीतलं पाणी दर आठवड्याला पूर्ण सोडून द्यावं लागतं, नाहीतर खारटपणा वाढत जातो. मिठाचा खर्च वाढतो हे खरं. पॅड मात्र दुसऱ्या वर्षी चालतंय.

आता जिथे हे पाणी अजिबात जाऊ नये त्या दोन जागा. एक स्वयंपाकघर. हार्डनेसच्या प्रत्येक 100 मागे लिटरला 46 मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं. आमच्या 650 ला ते 300 च्या घरात जातं. रोज दोन लिटर प्यायलं तर 600 मिलिग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून 2000 च्या आत ठेवा म्हणते. घरात बीपीचं माणूस आहे. त्यामुळे किचनचा पिण्याचा नळ उजनीच्या पाण्यावरच. (डाळ बोअरच्या पाण्यात शिजत नाही हे आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्यात, कॅल्शियम डाळीच्या सालीतल्या-गरातल्या पेक्टिनला घट्ट करतं. तूर डाळही उजनीच्याच पाण्यात लावा.) दुसरी जागा बाग. ज्यांचं शेत आहे त्यांना चोपण जमीन माहीत असते: सोडियम वाढलं की माती चिकट होते, पाणी मुरत नाही, वाळली की कडक. सॉफ्टनरचं पाणी कुंड्यांना घालणं म्हणजे पैसे देऊन परसात चोपण तयार करणं. रिजनरेशनचं खारं पाणी तर त्याहून वाईट. तेही शोषखड्ड्यात किंवा झाडाच्या आळ्यात नको, सरळ गटारीला. आमच्या गल्लीत एकाने ती नळी नारळाच्या बुंध्याशी सोडली होती. झापं कडेने करपायला लागल्यावर हलवली.

आणि या गावात टोचणारी गोष्ट म्हणजे वाया जाणारं पाणी. एका रिजनरेशनला दीडशे लिटरच्या वर जातं. टँकरची वाट बघितलेल्या माणसाला ते गटारीत जाताना बघवत नाही. सुरुवातीच्या बॅकवॉशचं, म्हणजे रेझिन उलट्या धारेने धुतात ते, पाणी खारं नसतं, नुसतं गढूळ असतं. ते मी पिंपात धरतो आणि अंगण धुतो. त्यासाठी रिजनरेशनची वेळ रात्री दोनची काढून पहाटे साडेपाचची केली. बाकीच्याला इलाज नाही. आरओ घरभर लावला असता तर याहून कितीतरी जास्त गेलं असतं, एवढंच समाधान.

मीठ कुठलं? डीलर गोळ्या घ्या म्हणतो, किलोला खड्याच्या तिप्पट-चौपट भाव. मी साधं खडे मीठ वापरतो, आयोडीनचं बारीक नाही. त्यात माती असते, म्हणून पिंपाच्या तळाला चिखल साठतो, वर्षातून दोनदा पिंप आडवा करून धुवावा लागतो. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी गोळ्याच घ्याव्यात. बारीक मीठ मात्र तळाला ढेप होऊन बसतं, खाली पाणी आणि वर पूल, मशीन उपाशी. तसं वाटलं तर काठीने ढोसून बघा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना किंवा एवढा खर्च न झेपणाऱ्यांना माझा सल्ला: पाइपला बांधायच्या चुंबकाच्या पट्ट्या सोडून द्या, आमच्या कारखान्यात एकाने आणून दाखवल्या होत्या, किटवर थेंब तेवढेच लागले आणि बॉयलरवाल्याने तर हसून परत दिल्या. वॉशिंग मशीनच्या नळाला लावायचे फॉस्फेटच्या गोळ्यांचे छोटे फिल्टर थर बसणं थोडं लांबवतात, पाणी मऊ करत नाहीत. गोळ्या संपल्या की बदलायच्या. खरा स्वस्त उपाय लिंबूफूल. किराणा दुकानात मिळतं. शॉवरची चाळणी, नळाची जाळी कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूफूल टाकून रात्रभर ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. गिझरचं एलिमेंट मेकॅनिककडून वर्षाला एकदा काढून त्यातच बुडवा, आणि त्याच वेळी मॅग्नेशियमचा रॉड किती उरलाय ते बघून घ्या. तो संपलेला असेल तर टाकी सडायला लागते. बाथरूमचं ते पिवळं ॲसिड गिझरमध्ये किंवा क्रोमच्या नळावर कुणालाही ओतू देऊ नका. थर जातो आणि त्याच्यामागोमाग नळाची चमकही. शहाबादी फरशी असेल तर लिंबूफूलसुद्धा सांडू नये, ती मुळात चुनखडीचाच दगड, तिथे खड्डाच पडतो.

सर्व्हिसबद्दल दोन वाक्यं. वॉरंटी कार्डावर वर्षाला तीन भेटी लिहिल्या आहेत, प्रत्यक्षात एक झाली, तीही दोनदा फोन केल्यावर. आलेल्या माणसाकडे हार्डनेस किट नव्हतं, टीडीएस मीटर होता. त्याला माझं किट वापरायला दिलं आणि थेंब मोजायला शिकवलं. एप्रिल-मे महिन्यात आमच्या बोअरचा हार्डनेस 750 पर्यंत चढतो, पावसाळ्यानंतर उतरतो. व्हॉल्व्हवरचं सेटिंग वर्षातून दोनदा मी स्वतःच बदलतो. मॅन्युअलमध्ये ते पान आहे, इंग्रजीत, बारीक अक्षरात, पण आहे. बसवून घेतानाच त्या मुलाकडून ते बटण दोन-तीनदा दाबून घ्या आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा.